तुला कोणाच्या नावानं धाडलं

गिरजे, तुझ्या तेराव्याला वरणात मीठ कमी पडलं म्हणून लोकांनी तोंडं वाकडी केली. पंगतीत बसून, तुझ्या नावाचं जेवताना. एकजण तर म्हणाला, "मुनशीच्या घरातली चवच गेली आता," आणि बाजूचे हसले. त्याला वाटलं, त्यानं तुझी आठवण काढली. माझ्या हातात वरणाची बादली होती. ती त्याच्या पत्रावळीवर उलटी करावी असं फार वाटलं. केली नाही. वाढलं आणि पुढं सरकलो. तू गेल्यापासून मी हेच करतोय, गिळतोय आणि पुढं सरकतोय, आणि आता मला माझीच शिसारी आली आहे.

सगळे गेले एकदाचे. उष्ट्या पत्रावळ्या कुत्र्यांनी ओढत दारापर्यंत आणल्या आहेत. पडू दे म्हटलं, आणि लिहायला बसलो. तहसिलीसमोरच्या कडुलिंबाखाली बसून उभा जन्म लोकांचे अर्ज लिहिले, कचेरीच्या उर्दूत, त्यांना कळणार नाही अशा भाषेत. स्वतःचं असं काही कधी लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण तीन दिवसांमागं दहाव्याला गंगेच्या घाटावर मी एक गोष्ट केली, आणि ती तुला माझ्या तोंडून कळायला पाहिजे. ती एकदम सांगायची हिंमत नाही. आधीपासून येतो.

मी सुखी होतो, गिरजे. हे मी तुला शंभरदा ऐकवलं आणि दर वेळी तू माझ्या त्या जुन्या काळ्या तव्याची आठवण काढून म्हणालीस, "व्हय, दिसतंय की." पण खरंच होतो. अडतीस वर्षांचा सडा माणूस, गंगाखेडात दोन खोल्या, एक चूल, एक तवा. सकाळी गंगेत डुबकी, मग कचेरी सुटेपर्यंत अर्ज, घरी येऊन ज्वारीची भाकर आणि ठेचा. जुम्म्याच्या सुट्टीला दुपारपर्यंत झोपायचो. कुठं चाललात, कधी येणार, असं विचारणारं घरात कोणी नव्हतं. आमची आक्का पाथरीहून वर्षातून दोनदा यायची आणि दर वेळी एखाद्या पोरीचं स्थळ पदराला बांधून आणायची. मी तिला पोटभर जेवू घालायचो आणि तशीच माघारी पाठवायचो. लोकांची लग्नं मी रोज बघत होतो ना. लिंबाखाली माझ्यासमोर बसून बायको नवऱ्यावर आणि नवरा सासऱ्यावर काय काय लिहून द्यायचे, ते ऐकून माझं जेवण जायचं नाही. मला वाटायचं, बरं झालं, आपण यातून सुटलो.

मग तू आलीस. राणीसावरगावहून चालत, भरल्या उन्हात, आणि सावलीत बसायच्या आधीच बोलायला लागलीस. तुझी माहेरची म्हैस तुझ्या दिरानं ठेवून घेतली होती आणि तुला घराबाहेर काढलं होतं. तुला घर नको होतं, शेत नको होतं. म्हैस पाहिजे होती. मी नेहमीसारखा अर्ज खरडला. तू म्हणालीस, "वाचून दावा." अर्ज वाचून दाखव म्हणणारी तू पहिलीच. मी वाचला.

"त्यो लाचार मंजी काय?"

"ज्याला कुणाचा आधार नाही असा. विधवेच्या अर्जात लिहावंच लागतं, बाई. साहेबाला दया यावी लागते."

"खोडा ते."

"असं कसं खोडता येईल? रीत आहे ती."

"म्हैस माझी हाय. दया कशाला पायजे त्यात? आन् लाचार असते तर इतकं चालत आले असते का? खोडा मनले ना."

पंधरा वर्षं मी प्रत्येक विधवेला लाचार लिहीत आलो होतो, एकीलाही न विचारता. नवा कागद घेतला. लिहिताना कान तापले होते माझे. तुझा अंगठा घेताना शाई तुझ्या बोटाला जास्त लागली, ती तू माझ्याच बसायच्या बसकुरात पुसलीस आणि निघून गेलीस. ते बसकूर मी आठ दिवस झटकलं नाही. कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणायला मी काही लहान नव्हतो. कळलं होतं, आणि किळस आली होती. पेशीच्या तारखा माझ्या पाठ झाल्या. रोज दाढी करायला लागलो. न्हावी विचारायला लागला, "मुनशी, काय बेत हाय?" अडतीस वर्षं जपून ठेवलेलं सगळं एका म्हशीच्या मालकिणीपायी वाहून चाललंय, हे मला दिसत होतं आणि मी काठावर उभा राहून बघत होतो. तिसऱ्या पेशीला म्हैस तुला मिळाली. मला आनंद झाला नाही. आता तू कशाला येशील, एवढंच डोक्यात आलं.

तू आलीस. म्हैस व्याली तेव्हा खरवस घेऊन आलीस. लिंबाखाली माझ्या शेजारी बसलीस, मी खाताना बघत राहिलीस, आणि म्हणालीस, "तुमच्या घरी कोण हाय खायला?" मी म्हणालो, कोणी नाही. "मग एवढं कशाला आणलं मी," म्हणालीस, पण भांडं माघारी नेलं नाहीस. ते न्यायला परत यावं लागेल, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

तुझ्या भावाकडं मी स्वतः गेलो, पालमच्या अलीकडं तुमच्या खेड्यात. आपल्यात विधवेचा दुसऱ्यांदा पाट लागतो, त्यात चोरी नव्हती. भाऊ तर खूश झाला, बहीण मार्गी लागली म्हणून. पण गावची जाणती माणसं जमली आणि त्यांनी विचारलं, "पावणे, तुमचं पहिलं झालेलं हाय का?" मी अभिमानानं म्हणालो, नाही. तर म्हणे, मग बिनलग्नाच्या गड्याला विधवेशी पाट लावता येत नाही. आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं. हळद, सूत, अंतरपाट, सगळं. मग ते झाड उपटून टाकायचं. नवऱ्याला जी बाधा व्हायची ती झाडाला होते, आणि नवरा विधुर ठरतो. विधुराला विधवा चालते.

तुझ्या अंगात काहीतरी विख आहे आणि ते आधी एका झुडपाला पाजायचं, असं चारचौघांत ठरवत होते आणि तू दाराआड उभी राहून ऐकत होतीस. मी उठलो. म्हणालो, "मी माणसाशी लग्न करायला आलोय. झाडाशी करीन असं वाटलं असेल तर राम राम." आणि चालू लागलो. सगळ्या वाटेनं मला स्वतःचा फार मोठेपणा वाटत होता.

वर्ष गेलं. एक आख्खं वर्ष, गिरजे. निरोप आले, आक्का येऊन रडून गेली, मी हललो नाही. कडुलिंबाखाली बसून लोकांना सांगायचो की मी असल्या अडाणीपणाला मान तुकवणार नाही. लोक वा वा म्हणायचे. मग बाजाराच्या दिवशी तू स्वतः आलीस आणि लोकांसमोर माझ्या लिहायच्या पेटीवर हात आपटलास.

"त्या झाडानं तुमचं काय वाईट केलं?"

"झाडाचा प्रश्न नाही. तुला ते अवदसा ठरवतात, आणि मी हळद लावून त्याला होकार द्यायचा? तुला कमीपणा येईल असं मी काही करणार नाही."

"मला कमीपणा!" तू हसलीस. "मी चौदा वर्साची असल्यापून पांढऱ्या पायाची मनून ऐकते. उठता बसता. तवा कुटं होता तुमी? एक दिस झाडाला मनू द्या की. झाडाला कान न्हाईत."

"तू समजून घेत नाहीस. हा तत्त्वाचा..."

"समजलं मला. तुमचं मन लय मोठं हाय. पर त्या मनात मी न्हाऊ कुटं आन् चूल कुटं मांडू? मला घर पायजे. भावजय रोज माज्या ताटातली भाकर मोजायली, आन् तुमी इथं झाडासंगं भांडायलेत."

ते ऐकल्यावर मी गेलो. ओढ्याकाठी एक रुईचं झुडूप शोधलं होतं त्यांनी, धुळीनं माखलेलं. त्याच्या फांदीला हळद लावली, सूत गुंडाळलं. माझ्या हातावर चीक सांडला, तो दोन दिवस आग आग करत होता. आक्का रडताही होती आणि हसतही होती. म्हणाली, "माजी भावजय लय गरीब निघाली बाई, तोंडातून शबुद न्हाई." मग एका दांडग्या गड्यानं ते मुळासकट उपटलं आणि बांधावर फेकलं. न्याहारीला मी सडा होतो, दुपारच्याला विधुर झालो. मला त्या माणसांची, माझी आणि माझ्या कपाळावरच्या हळदीची इतकी घाण वाटत होती की ओढ्यात तीन वेळा तोंड धुतलं. पण पाट लागला आणि तू माझ्या घरी आलीस, तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हाच, की हे मागच्या वर्षी का केलं नाही. तो प्रश्न मी तुला कधी सांगितला नाही. तुझं खरं होतं, असंही सांगितलं नाही.

सहा वर्षं. तू माझा तवा फेकून दिलास. जुम्म्याची झोप संपवलीस. गंगेवर जाता येता वाटेत कुठंही रुई दिसली की थांबायचीस, "अवं, तुमची थोरली फुलली बगा," आणि येणाऱ्या जाणाऱ्या बायांसमोर पदर तोंडाला लावून हसायचीस. मी चिडायचो. तुला ते फार आवडायचं. घरात पाळणा हलला नाही, त्यावरूनही लोकांनी ती रुई काढली, की मुनशीनं उशीर केला म्हणून बाधा राहिली. ते ऐकून तू मला म्हणालीस, "थोरलीचं लेकरू असंल तर घिऊन या, सांबाळते." मी सुखी होतो, आणि या वेळी ते कोणाला पटवून द्यावं लागत नव्हतं.

आता ती पितृपक्षातली गोष्ट. दर वर्षी तू त्या पहिल्या नवऱ्याच्या नावानं एक पान काढायचीस. नऊ वर्षांची असताना तुला दिली होती, आणि तू चौदाची झालीस तेव्हा तो गेला. तुला त्याचं एवढंच आठवायचं की तो खोकायचा आणि म्हशीला भ्यायचा. "बिचारं पोरगं होतं," म्हणायचीस. त्याचा राग यावा असं त्यानं काही केलं नव्हतं, आणि तरी मला ते पान बघवायचं नाही. मेलेल्या पोराचा मत्सर करणारा माणूस किती हलका असतो ते मला माहीत आहे. यंदा मी बोललो. तू पान बाहेर ठेवून आत आलीस आणि मी म्हणालो, "एवढी ओढ आहे तर मेल्यावर तिकडंच जा."

तू हात धुतलेस. म्हणालीस, "जावं लागंल मनत्यात. लगीन तेच धरत्यात, पाट न्हाई. तुमाला बी तुमची रुईच भेटंल." आणि हसलीस. मी हसलो नाही. मग तूही थांबलीस आणि विचारलंस, "तुमी काय मनता पर?"

मी जेवायला वाढ म्हणालो.

त्यानंतर महिना दीड महिन्यात तुला मुदतीचा ताप भरला. सतरा दिवस. वैद्याचा काढा, थंड पाण्याच्या पट्ट्या. तू बरळायचीस आणि मधूनच एकदम शुद्धीवर यायचीस. अशीच एकदा डोळे उघडून तू म्हणालीस, "मला कुणाच्या नावानं धाडणार तुमी?" काय विचारतेस ते मला पुरतं कळलं होतं. त्या एका वाक्यात तू आपली सहा वर्षं माझ्यापुढं ठेवली होतीस, खोटी की खरी ते सांगा म्हणून. आणि मी, दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडचं लिहिणारा माणूस, तुला म्हणालो, "गप पड. ताप उतरंल." तू गप पडलीस. त्यानंतर तू माझ्याशी नीट शुद्धीत बोलली नाहीस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझा दीर आला. दारातच बसून "वैनी, वैनी" म्हणून गळा काढला. ज्यानं तुला घरातून हाकललं तो. नाकातलं पाणी तसंच मिशीवर येऊ देत रडला, मग पाणी प्याला, तंबाखू मळली आणि मुद्द्यावर आला. "वैनी आमच्या घरची सून. पिंड माज्या भावाच्या नावानं पडला पायजे, न्हाईतर त्यो कोपंल, माज्या लेकराबाळाला तरास हुईल." तुझ्यासाठी नाही, गिरजे. स्वतःच्या लेकरांसाठी. मी त्याला बाहेर काढलं. त्याची तंबाखू ओसरीवर सांडली होती, ती मी शेणानं सारवून काढली तरी मला वास येत राहिला.

मनात पक्कं केलं होतं. घाटावर भटजींनी विचारलं की मी माझं नाव सांगणार होतो. नऊ दिवस मनात तेच घोकत होतो.

दहाव्याला दीर तिथंही हजर होता. डोकं भादरून मी पाण्यात उभा राहिलो. भटजींनी विचारलं, "कोणाची भार्या म्हणायचं?" दिरानं लगेच भावाचं नाव घेतलं. मी म्हणालो, थांबा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. भटजी रागावले नाहीत. ते नुसतं म्हणाले, "मुनशी, मला काय, तुम्ही म्हणाल ते नाव घेतो. पण पहिलं लग्न तिकडचं. नाव चुकलं तर ती तिकडंही पोचायची नाही आणि इकडंही राहायची नाही. मधेच राहील. बघा बुवा."

यावर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. रुईपायी वर्षभर अडून बसलेला माणूस मी. पण पाण्यात उभा होतो आणि डोळ्यासमोर तू आलीस, राणीसावरगावच्या रस्त्यावर, उन्हात, एका घरातून काढलेली आणि दुसऱ्या घरी न पोचलेली. म्हटलं, समजा खरं असलं तर? हजारात एकदा खरं असलं तर? माझ्या अहंकारापायी तू पुन्हा एकदा बिनघराची उभी राहणार. मी मान हलवली. भटजींनी त्याचं नाव घेतलं, पिंड पडला, दिरानं सुटकेचा श्वास टाकला. मी तुला देऊन टाकलं, गिरजे. ज्याच्यावर विश्वास नाही अशा गोष्टीला भिऊन, ज्याचा मत्सर करत आलो त्याच्या हवाली केलं. घाटाच्या पायऱ्या चढलो आणि वर येऊन भडाभडा ओकलो. लोक म्हणाले, उपाशीपोटी उन्हात उभे होते, पित्त झालं.

आणि आज, तेराव्याचं जेवून हात धुता धुता, तुमच्या गावातलाच एक जाणता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मुनशी, पाथरीला एक बाई हाय. जपून ऱ्हाणारी हाय. आन् आता तुमी खरेखुरे विधुर, रुईची बी गरज न्हाई." त्याला ते माझ्या सोयीचं वाटलं. त्याचा हात अजून ओला होता. मी खांदा झटकला, पण सदरा काढून ठेवला तरी ती ओल जात नाही. दुसऱ्यानं धीर दिला, "पहिल्यापून एकटेच होते की मुनशी. सवय हाय त्यास्नी."

सवय होती, खरं आहे. त्याच दोन खोल्या आहेत. कुठं चाललात असं विचारणारं आज पुन्हा कोणी नाही. अडतीस वर्षं ज्याला हे सुख वाटत होतं, त्या माणसाचा मला आता संताप येतो. त्याला काही ठाऊक नव्हतं. तुझं पातळ तेव्हापासून दोरीवरच होतं, ते आक्कानं घडी करून ठेवलं म्हणून मी तिच्यावर ओरडलो. बिचारी घाबरून पुन्हा दोरीवर टाकून आली.

तर मी काय केलं ते तुला सांगितलं. तू विचारलं होतंस, मी काय म्हणतो. उशीर झालाय, तरी सांगतो. तिथं काही असलंच, आणि तो पोरगा भेटलाच, तर त्याच्याशी नीट वाग, त्याची काही चूक नव्हती. तू तिथं सुखरूप पोचावीस म्हणून तुला त्याच्या नावानं धाडलं, दुसरं कारण नाही. पण तू माझी बायको आहेस. मी आलो की तिथून ऊठ आणि माझ्याकडं ये.